डाव्या गालाची आतली बाजू

तोंड उघडा म्हटलं की लोक आधी डोळे मिटतात.
ओफेलिया अरोस्पिदेने मिटले नाहीत.
बाकावर तिचा थर्मास, काखेत धरून धरून रंग उडालेला,
शेजारी येर्बाच्या कडू पाण्याचा तुंबा.
बाहेर ऑगस्ट, मोंतेविदेओची थंडी,
आणि ती गढूळ नदी, जिला मी लहानपणापासून समुद्र म्हणते.

आरसा गालात सरकवला.
डावीकडे, वरचे दात खालच्यांना भेटतात
बरोबर त्या उंचीवर
एक पांढरा, फाटका पट्टा.
ओल लागलेल्या भिंतीचा चुना सुटावा तसा
कुठे उचकटलेला, कुठे लोंबता,
मध्येच एक लाल ठिपका, कालपरवाचा.
कापसाने पुसून पाहिला. पुसला गेला नाही.
खालच्या ओठालाही आतून तसलीच किनार.

"दुखतं?"
"नाही."
"तंबाखू?"
"वडील ओढायचे. ते यातच गेले."
म्हणून डोळे मिटले नव्हते.

मुगाच्या दाण्याएवढा तुकडा काढून पाठवला.
आठ दिवस.
त्या आठ दिवसांत तिने जिभेने किती वेळा टाका चाचपला असेल
मला विचारू नका,
मीच दोनदा प्रयोगशाळेला फोन केला.

उत्तर आलं: काही नाही. जाड झालेली कातडी.
हाताला घट्टा पडतो, तसा गालाला पडलेला.
"चावता तुम्ही," मी म्हटलं.
"मी?"
जणू चोरीचा आळ घेतला होता.

ती न्यायालयात लघुलेखक. एकतीस वर्षं.
कोण काय बोललं ते सगळं उतरवायचं,
चेहऱ्यावरची रेषही हलू द्यायची नाही.
साक्षीदाराची खुर्ची तिच्या डाव्या हाताला.

वही ठेवा म्हटलं, चावल्याचं कळेल तेव्हा वेळ लिहा.
तिने आणली. सगळी तिच्या लिपीत, आकड्या-वेलांट्यांची,
मला एक अक्षर लागेना. तिनेच वाचली,
स्वल्पविरामसुद्धा वाचणाऱ्या त्या आवाजात:
मंगळवार, अकरा दहा. आईने स्वेटरचा रंग सांगितला.
अकरा बारा. वकिलाने पुन्हा विचारला.
अकरा तेरा. पुन्हा.
गुरुवार, काही नाही. कुंपणाच्या हद्दीचा खटला.
शुक्रवार...
इथे तिने पान उलटलं, न वाचता.
गाल आत ओढला गेलेला मला बाहेरून दिसला.

आपलेच दात, आपलेच ओठ, फिर्याद कुठे न्यायची?
आणि इथे तर फिर्याद लिहून घेणारीच ती.

मऊ प्लास्टिकचं कवच करून दिलं, दातांवर बसणारं,
निळ्या डबीत. "कामावर घाला."
तीन महिन्यांनी आली.
ओठ बरा होता, गुलाबी, लहान मुलाचा असतो तसा.
गाल पुन्हा पांढरा.

"घातलं होतं," ती म्हणाली. "एकच दिवस.
संध्याकाळी उतारा तपासताना चौदाव्या पानावर
एक शब्द निघाला.
साक्षीदाराचा नाही. वकिलाचा नाही.
न्यायाधीशांचा तर नाहीच."
कोणता, ते सांगितलं नाही.
कारकुनाने तो खोडला, बाजूला तिची सही घेतली,
आणि डबी गेली टेबलाच्या खणात, संपलेल्या पेनांशेजारी.

मी हातमोजे काढले.
सवयींवर माझं एक ठरलेलं भाषण आहे,
चार मिनिटांचं, विद्यार्थ्यांना पाठ आहे.
तिने थर्मासमधून तुंबा भरला, पुढे केला.
मी नळी ओठांत धरली.
कडू, आणि वाटलं होतं त्याहून गरम.

नोंदीत लिहिलं:
वेदना नाही. पुसला जात नाही. धोका नाही.
सहा महिन्यांनी पाहणे.